कर्सर कधी संपतो

आमच्या डेटाबेसची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या बाईंना मोघम वाक्य खपत नाही, म्हणून ऑफिसात त्यांना ‘मास्तरीणबाई’ म्हणतात. डेटाबेसमधल्या ओळी थोड्या थोड्या आणून देणाऱ्या कर्सरबद्दल पुस्तिकेच्या जुन्या आवृत्तीत लिहिलं होतं, ‘काम संपलं की तो संपतो.’ बाईंनी विचारलं, “कोणाचं काम? एका व्यवहाराचं, म्हणजे ट्रान्झॅक्शनचं, की असे कित्येक व्यवहार ज्यावरून होतात त्या डेटाबेसशी जोडलेल्या कनेक्शनचं?”

“हे इथलं शेंबडं पोरही सांगेल,” मुख्य प्रोग्रामर म्हणाले.

बाईंनी सहा जणांना चिठ्ठ्या वाटल्या. तिघांनी ट्रान्झॅक्शन लिहिलं, दोघांनी कनेक्शन. सहावे, म्हणजे खुद्द मुख्य प्रोग्रामर, गुपचूप कोड उघडून बघत होते.

“सावकाश बघा,” बाई म्हणाल्या. “मी काल चालवून बघितलंय. ट्रान्झॅक्शन संपलं की कर्सर संपतो, कनेक्शन चालू असलं तरी. तसं नवं वाक्य छापायला गेलंसुद्धा.”