आहारतक्त्यात नसलेली वाटी

शेजारी मटण शिजू लागले, की आले-लसूण-हळदीचा वाफाळता वास येतो आणि मला एक जुना रविवार आठवतो. माझी अडीच वर्षांची नात त्या महिन्यात दुसऱ्यांदा तापातून उठली होती. काहीच खात नव्हती आणि तिचे वजन घटत होते. डॉक्टरांनी दिलेला छापील आहारतक्ता मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला होता आणि त्याचे तंतोतंत पालन व्हावे, असा माझा आदेश होता. त्या दिवशी सुनेने मसाला घालण्यापूर्वी मटणाचा अळणी रस्सा वाटीत नातीसाठी काढून ठेवला. "हे तक्त्यात नाही! आधी डॉक्टरांची लेखी परवानगी हवी," मी कडाडलो. "मामा, तक्ता तुमी वाचताय, पोरीला कुठं वाचाय येतंय? खाऊ दे की तिला," ती म्हणाली. संतापून मी तिथेच डॉक्टरांना मुद्देसूद पत्र लिहायला बसलो. दुसरा मुद्दा लिहीत असताना मागून नातीचा आवाज आला, "आनकी पायजे." वळून पाहिले, तर रश्शात कुस्करलेली अर्धी भाकरी संपली होती. ते पत्र आजही माझ्या फायलीत आहे. त्यात तिसरा मुद्दा नाही.