चमच्याने छापलेली होडी

जिथे शाईचं काम असतं तिथे हाताला डाग पडतात आणि डोक्यात किस्से साचतात. डाग रॉकेलने निघतात. किश्श्यांवर अजून औषध सापडलेलं नाही, म्हणून सांगतोय.

भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात आमचा छापखाना आहे. शाळा माझी लवकर सुटली. आधी लग्नपत्रिकांच्या मशीनवर होतो, आता शुभाताईंकडे प्रेसचं चाक फिरवतोय. ताई कधी जस्ताच्या पत्र्यावर तर कधी लाकडावर चित्र कोरतात, शाई भरतात, वर ओलसर कागद ठेवतात. मी सावकाश चाक फिरवतो. जे निघतं त्याला ताई प्रिंट म्हणतात, मी छापा म्हणतो. वर्षातून एकदा इंद्रलोकच्या हॉलमध्ये छाप्यांची जत्रा भरवतात आणि जे मिळेल ते कुणा अडलेल्याला देतात. स्वतःसाठी त्यातला चहासुद्धा घेत नाहीत!

*

पहिल्या जत्रेला सिल्व्हर पार्कच्या भारतीबेन आल्या होत्या. छापे बघून नाक मुरडलं. "पेंटिंग होता तो ठीक था. इसकी तो बीस कॉपी है. झेरॉक्स लेके मैं क्या करूँ?"

मला राग आला. ताईंना नाही आला. ताईंनी त्यांच्या साडीवरून आपला एप्रन बांधला, म्हणाल्या, "आइए, आप ही निकालिए." जत्रेत एक छोटी प्रेस ठेवलेलीच असते. बेननी दोन्ही हातांनी चाक फिरवलं, पार धाप लागली. मग ताईंनी कागदाचं टोक त्यांच्या हातात दिलं. "धीरे धीरे."

कागद उचलला तशी खालून चिंचेच्या झाडाखाली बसलेली म्हातारी वर आली. बेननी कागद उजेडाकडे धरला. मग हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, "काका, ये वाला किसी और को मत देना हं!"

*

आमच्याकडे एक रिवाज आहे. ठरलेले वीस छापे झाले की त्या पत्र्यावर सगळ्यांसमोर आडवी रेघ मारायची. म्हणजे एकविसावा कुणाला काढता येणार नाही. घेणाऱ्याला दिलेला तो शब्द असतो.

एकदा त्या चिंचेखालच्या म्हातारीवर रेघ मारायची वेळ आली, आणि माझ्याने ते बघवेना. पत्रा मी गुपचूप माझ्या डब्याच्या पिशवीत घातला. ताईंनी दोन दिवस शोधला. मला एका शब्दाने विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. "काका, वीस घरांत मी काय सांगून आलेय?"

मी पिशवी उघडली. ताईंनी कोरायचं हत्यार माझ्याच हातात दिलं. रेघ अशी गेली, जसं गांडूळ चालतं.

ताईंनी चष्मा वर करून नीट बघितलं. "इतक्या वर्षांत इतकी जिवंत रेघ मला एकदाही जमली नाही!"

*

गेल्या वर्षी किनाऱ्यावरच्या चौक गावच्या जनार्दन नाखव्यांची होडी खडकावर आपटून फुटली. वडिलांच्या हातची होडी. माणसं वाचली, पण किनाऱ्याला फळ्या तेवढ्या लागल्या. मासेमारीची बंदी उठायच्या आत दुसरी होडी मिळाली नाही तर नाखव्यांनी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचं. साठीच्या माणसाने!

ताई भेटायला म्हणून गेल्या आणि टेम्पोत त्या फुटक्या होडीच्या दोन फळ्या घालून आल्या. "काका, हिच्यावरच हिचं चित्र कोरायचं. तिने स्वतःच नवी होडी आणायची."

नऊ दिवस खपून ताईंनी कोरलं. होडी, लाटा, मागे डोंगरावरची दीपगृहाची बत्ती. पहिला छापा बघायला नाखवा मुद्दाम दोन बसा बदलून आले. पाहिलं आणि बत्तीवर बोट ठेवलं.

"आवडलं नाही का?"

"चित्र झ्याक हाय, ताई. पन बत्ती ह्या अंगाला न्हाय, त्या अंगाला हाय. ह्या चित्रावर भरोसा ठेवून निघालो तर परत खडकावरच की!"

लाकडावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे येतं. ताई जन्मभर उलटंच कोरत आल्यात, या वेळी घाईत सुलटं कोरून बसल्या. कुणाला कळलं असतं? चौक सोडून कुणालाच नाही. पण ताईंनी तो छापा फाडला, दुसरी फळी मांडीवर घेतली आणि पुन्हा नऊ दिवस!

*

दुसरी फळी जरा बाकदार निघाली. प्रेसमध्ये जाईना. अशा वेळी कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं, शाई वर येते. पण घासायला हात किती लागतात!

शेजारच्या गाळ्यातले स्टीलवाले शेठ हे बघत होते. दुसऱ्या दिवशी गोणीभर चमचे आणून ओतले. "माल रिजेक्ट है, लेकिन पीठ एकदम चिकनी है!" मग काय, जत्रेत जो येईल त्याला चमचा. भारतीबेन तर आपल्या किटी पार्टीच्या सगळ्या बायका घेऊन आल्या आणि भजन म्हणत घासायला बसल्या.

एका साहेबांनी छापा नाकाशी नेला. "याला मासळीचा वास येतोय."

नाखवा पुढे झाले. "वास फुकट हाय, साहेब!"

साहेबांनी दोन घेतले.

*

संध्याकाळपर्यंत विसावा छापा गेला. होडीपुरतं जमलं होतं. रिवाजाप्रमाणे ताईंनी सुरी काढली, लोक गोल उभे राहिले. आणि नाखव्यांनी फळीवर पालथा हात ठेवला.

"बापाची फली हाय. चिरायची न्हाय."

"नाखवा, मी वीस जणांना शब्द दिलाय."

"मी पन बापाला दिलाय, होडी जपीन म्हनून."

मला माझी डब्याची पिशवी आठवली. मी ताईंकडे बघितलं नाही.

शेवटी नाखवा म्हणाले, "पंधरा दिस द्या. तुमचा शब्द मोडनार न्हाय." ताईंनी रेघेसाठी आजवर आपणहून कुणाला पंधरा मिनिटंही दिलेली नाहीत. त्यांनी सुरी पिशवीत टाकली आणि फळी नाखव्यांच्या हातात दिली.

सोळाव्या दिवशी आम्हाला चौकला बोलावणं आलं. जुनीच पण दणकट होडी वाळूत उभी, नवा निळा रंग, पुढच्या टोकाला, नाळेला, हार. ताईंच्या खांद्याला पिशवी, पिशवीत सुरी. नाखव्यांनी आम्हाला आत बघायला सांगितलं. नाळेजवळ बसायच्या जागी ती फळी बरोब्बर बसवली होती, कोरलेली बाजू वर. तिच्यातून चार खिळे गेले होते. पाचवा नाखव्यांच्या दातांत.

ताईंनी फळीवरून हात फिरवला. होडी, लाटा, डोंगर. मग हात पुढे केला. "हातोडा द्या."

पाचवा खिळा ताईंनी ठोकला. अगदी बत्तीच्या पायथ्याशी.

नाखव्यांनी फळीवर बूड टेकलं, ऐसपैस बसले आणि ताईंकडे बघून म्हणाले, "आता काडा छापा!"