लाल स्टिकर

काशीगावच्या पुढे आमची लस बनवायची कंपनी आहे. तिथल्या मशिनी सांभाळणारा माणूस रत्नागिरीकडचा होता. मशीनला पाना लावायच्या आधी तो तिच्यावर तळहात ठेवून मिनिटभर उभा राहायचा. कोणी हसलं, की म्हणायचा, "आधी तिचं ऐकून तरी घेऊया."

गेल्या वर्षी सरकारी तपासणीच्या आदल्या दिवशी त्याला एक दोष सापडला. लशीच्या बाटल्या निर्जंतुक करणारी मशीन तापमान खरं असतं त्यापेक्षा जास्त दाखवत होती. म्हणजे आत उष्णता कमी पडत होती. त्याने तिच्यावर 'वापरू नये'चा लाल स्टिकर लावला.

मॅनेजर म्हणाले, "उद्या इन्स्पेक्टर येतायत. हिरवा लाव, नंतर बघू."

"साहेब, ही लस पोरांना टोचतात. मी नाही लावणार," तो आवाज न चढवता म्हणाला.

मग मॅनेजरनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी नोंदी ठेवणारा क्लार्क. 'मशीन ठीक' असं मी लिहिलं, खाली सही केली. स्टिकरही मीच बदलला.

तपासणी बिनबोभाट पार पडली. त्याला मात्र कँटीनचे फ्रिज आणि ऑफिसचे एसी बघायला लावलं. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली.

शेवटच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवत तो माझ्या टेबलापाशी आला. मी उठून हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. समोरच्या उघड्या रजिस्टरकडे बघत म्हणाला, "तुमचं अक्षर सुरेख आहे हो."