डोंबिवलीला गेलेली डबी

हरिहर टिपणीस वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. म्हणजे माल दुसऱ्यांनी बनवायचा आणि नावं टिपणीसकाकांनी ठेवायची. ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने सुटकेचा निःश्वास टाकला म्हणतात, आणि आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगने तोच श्वास आत ओढून धरला. तेव्हापासून आमच्याकडे पाण्याच्या टाकीचं झाकण, जिन्यातले मीटर, गच्चीची किल्ली या सगळ्यांवर काकांच्या ठळक छापील अक्षरांतल्या चिठ्ठ्या आहेत. वर वस्तूचं नाव, खाली तारीख, वेळ, मग ‘१ पैकी १’ आणि शेवटी गोलात बरोबरची खूण. आग विझवायच्या वाळूची आमच्याकडे एकच बादली आहे. तिच्यावरही ‘१ पैकी १’ आहे. कुणी येऊन दुसरी मागू नये म्हणून.

गेल्या दिवाळीनंतर हे काका अंगाने उतरले. टिपणीस मंडळी मुळात गोरी, त्यामुळे ते पांढरे पडतायत हे कळायलाच महिना गेला. दुसऱ्या मजल्यावर चढताना ते प्रत्येक वळणावर थांबायचे. आम्हाला वाटायचं, मीटर तपासतायत. एकदा मी बघितलं तर मीटरकडे तोंड होतं, पण डोळे मिटलेले होते.

मग तांदळाचा डबा भराभर उतरायला लागला. उत्तराकाकूंनी पाळत ठेवली, तर काका दुपारी डब्यातून मूठभर कच्चे तांदूळ काढून चघळत बसलेले.

“अहो, तांदूळ शिजवून खायची पद्धत आहे आपल्याकडे!”

“कळत नाही गं, पण खावेसे वाटतात,” काका म्हणाले. आणि त्याच रविवारी पापलेट समोर आल्यावर “नको” म्हणाले. कायस्थाच्या घरात रविवारी पापलेटाला नको म्हणणं ही साधी गोष्ट नव्हे. काकूंनी गॅस बंद केला आणि डॉक्टरांना फोन लावला.

आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टर शिवानी वयाने लहान, पण शांत बाई. त्यांनी काकांची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन आलं सहा पूर्णांक चार.

“काका, लोह पार संपलंय. या वयात असं होतं तेव्हा रक्त आतून कुठेतरी झिरपत असतं. कुठे, ते शोधायचंय,” असं म्हणून त्यांनी यादी लिहिली. पहिली ओळ शौचाची तपासणी, मग सोनोग्राफी, मग घशातून दुर्बीण, आणि शेवटी खालून दुर्बीण. “पहिली आधी करा. सगळ्यात सोपी आहे.”

काकांनी पहिली सोडून बाकीची सुरू केली.

सोनोग्राफी स्वच्छ आली. घशातून नळी गेली तेव्हा काकांनी हूं की चूं केलं नाही, उलट नळीचा व्यास विचारला. तीही स्वच्छ. खालच्या दुर्बिणीची तारीख पंधरा दिवसांनी मिळाली. पहिली ओळ मात्र तशीच. काकूंनी आणलेली प्लॅस्टिकची डबी बाथरूमच्या खिडकीत कोरीच्या कोरी उभी होती.

अडचण अशी होती, की कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला बसते ती कादंबरी. ती आमच्याच बिल्डिंगमधली, पहिल्या मजल्यावरची. नववीत असताना काकांनीच तिला व्हर्नियर कसा वाचायचा ते शिकवलेलं. आज ती त्या लॅबमध्ये आहे याचं थोडंसं श्रेय काका स्वतःकडे घेतात आणि तीही घेऊ देते.

“त्या पोरीच्या हातात मी हे देऊ?” काका म्हणाले.

“हे म्हणजे काय? रोज असलं पन्नास जणांचं बघते ती.”

“पन्नास जण तिचे गुरू नाहीत.”

लाज हे कारण खरं होतं, पण अर्धंच. त्यांचे थोरले बंधू महेंद्रदादा नऊ वर्षांपूर्वी गेले. त्यांचंही असंच सुरू झालेलं. आधी थकवा, मग पांढरेपणा, मग जेवण नको, आणि मग अशाच डबीत रक्त सापडलं. पुढे आतड्याचा कॅन्सर निघाला. डबी दिली की उत्तर येणार, आणि उत्तर काकांना माहीत होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं.

हे काकूंना कळलं ते कपाट उघडल्यावर. आत एक नवी फाइल. बँकेची पुस्तकं, विम्याचे कागद, गॅसचा नंबर, लॉकरची किल्ली, प्रत्येकावर चिठ्ठी. फाइलीवर ठळक अक्षरांत ‘उत्तरासाठी’, तारीख, वेळ, ‘१ पैकी १’. गोलातली बरोबरची खूण तेवढी नव्हती. काकूंनी ती फाइल होती तशी ठेवली आणि डोंबिवलीला मुलीला, क्षिप्राला, फोन केला. दुसऱ्या दिवशी क्षिप्राचा काकांना फोन.

“बाबा, ती टेस्ट केलीत का?”

“करतो.”

“कधी? आज की पुढच्या जन्मी?”

आणि इथे काकांना युक्ती सुचली. ते म्हणाले, “मी तुझ्याकडेच येतो दोन दिवस.”

डोंबिवलीत त्यांना ओळखणारं कोण होतं? मुलगी, जावई आणि एक रसवंतीवाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका डबी पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ती छत्रीच्या कव्हरमध्ये घालून फडके रोडच्या मागे एका कलेक्शन सेंटरवर गेले. फॉर्मवर नाव लिहायची वेळ आली तेव्हा चौतीस वर्षांत एकही खोटी सही न केलेल्या माणसाने लिहिलं, देवराम कुंडलिक. वयाच्या रकान्यात ‘४५’ का लिहिलं, हे त्यांना स्वतःलाही पुढे सांगता आलं नाही. डबीवरचं लेबल काउंटरवरचा मुलगा लिहायला लागला तर काकांनी ते त्याच्याकडून काढून घेतलं. “अहो, पुसट लिहिताय. द्या इकडे.”

“इथेच तपासता ना?”

“हो काका, आपलीच लॅब आहे.”

खरं होतं. लॅब आपलीच होती. फक्त ती वर्तकनगरला, आमच्याच कोपऱ्यावर होती. डोंबिवली, कल्याण, कळवा, सगळ्या सेंटरांच्या डब्या बर्फाच्या पेटीत घालून एक मोटरसायकलवाला दुपारच्या आत ठाण्याला आणून पोचवतो. काका क्षिप्राच्या घरी मुगाची खिचडी खात होते तेव्हा त्यांची डबी त्यांच्याआधी घरी परतली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका परत आले. अर्ध्या तासात दारावर कादंबरी. हातात पाकीट.

“काका, एक विचारायचं होतं. देवराम कुंडलिक, वय पंचेचाळीस, म्हणून कोणी तुमच्या ओळखीचे आहेत का?”

काका वर्तमानपत्रात गेले. आतूनच म्हणाले, “का?”

“नाही, त्यांची डबी आलेली. त्यावर तारीख, वेळ, ‘१ पैकी १’ आणि गोलात बरोबरची खूण होती. माझी बारा वर्षं सर्व्हिस झाली काका, स्वतःच्या शौचाला पास करून पाठवलेला पेशंट मी पहिल्यांदा बघितला.”

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला.

“मी लॅबमध्ये कुणाला काही बोलले नाहीये,” कादंबरी म्हणाली. “पण खोट्या नावाचा माणूस रिपोर्ट न्यायला आलाच नाही तर? म्हणून आले. तर हे देवराम. त्यांना पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खाज आलेली का?”

“आलेली. म्हणजे, आली असेल.”

“मग कोरडा खोकला?”

“पंधरा दिवस. असेल.”

“आणि हे देवराम मातीत अनवाणी फिरतात का कुठे?”

“फिरतात!” उत्तराकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. “कोलशेतला. दर मंगळवारी आणि शनिवारी. आणि त्यांचं वय पंचेचाळीस नाही, सदुसष्ट आहे!”

वर्तमानपत्र खाली आलं. काका हळू म्हणाले, “कादंबरी, खरं सांग. महेंद्रदादांसारखं आहे का काही?”

तिने थट्टा थांबवली. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली. “ते डॉक्टर सांगतील काका, मी नाही सांगू शकत. पण मी काय बघितलं ते सांगते. हूकवर्मची अंडी. आपण अंकुशकृमी म्हणतो ना, ते जंत. पातळ काचेचे लांबट मणी असावेत तशी दिसतात. एका काचेवर इतकी होती, की मी आमच्या सरांना बोलावून दाखवली. हे जंत आतड्याला आकड्यासारखे चिकटून रक्त पितात. तुमचं रक्त कुठे जातंय त्याचं एक उत्तर मिळालंय. आणि हे उत्तर गोळ्यांनी मरतं.”

“जंत?” काकू म्हणाल्या. “साधे जंत?”

“साधेच, काकू.”

काकू भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडायला लागल्या. रडता रडता उठल्या आणि रवा भाजायला घेतला. घरात जंत निघाले म्हणून शिरा झाल्याची ठाणे जिल्ह्यातली ही पहिलीच घटना असावी. कादंबरीने दोन वाट्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शिवानींनी काकांना सगळा रस्ता समजावला. जंत म्हटलं की आपल्याला रात्री बूड खाजवणारी लहान मुलं आठवतात. ते बारीक सुतासारखे जंत वेगळे. न धुतलेल्या भाजीतून, हातांवरून पोटात जातात ते गांडुळासारखे मोठे, ते वेगळे. आणि हे तिसरे तोंडाची वाटच बघत नाहीत. ओल्या मातीत त्यांच्या अळ्या असतात, त्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, आणि गिळल्या गेल्या की आतड्यात. पायाची खाज, खोकला, कच्चे तांदूळ, धाप, सगळं एकाच माळेत ओवलेलं होतं.

“म्हणजे आत येतानाच तपासणी झाली नाही,” काका म्हणाले.

“चप्पल घातली असती तर झाली असती.”

कोलशेतला तानाजी नावाचे काकांचे कारखान्यातले जुने सहकारी आहेत. खाडीकडेला त्यांची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. तिच्यातला एक तुकडा त्यांनी काकांना भाजी लावायला दिलेला. काका तिथे बांधावर चपला काढायचे, मातीला नमस्कार करायचे आणि मग आत पाय ठेवायचे. शेजारी टॉवर उठत होता. बिल्डरने शंभर मजुरांना राहायला पत्रे दिले होते, संडास दिला नव्हता. ती माणसं पहाटे जाणार कुठे? बांधाच्या पलीकडे. आणि पावसात पलीकडचं सगळं अलीकडे.

तानाजी भेटायला आले तेव्हा काकांनी त्यांना हे सांगितलं. तानाजींनी कपाळाला हात लावला.

“साहेब, मी कंदी बोललो का तुमाला, चपला काढा म्हणून? मी सोता गमबूट घालून फिरतंय!”

“अरे, काळी आई आहे ती. तिच्यावर बूट घालून...”

“आई हाय ना? मग आई काय बोलंल, पोरा, पायात काय तरी घाल! आमच्या सात पिढ्या तिथं राबल्या, आन् पाया तुमी पडतंय!”

तानाजींनी घरच्या सगळ्यांना तपासून घेतलं. त्यांच्या आईलाही निघाले. काकांनी बिल्डरला एक पत्र लिहिलं, त्याची प्रत महापालिकेला, आणि दर आठवड्याला त्याची आठवण. काका कुणाच्या मागे लागले की काय होतं हे वागळे इस्टेटला विचारा. दीड महिन्यात सहा संडास उभे राहिले.

जंतांच्या गोळ्या तीनच दिवस होत्या. लोहाच्या मात्र चार महिने. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, की जंत मेले म्हणजे त्यांनी प्यायलेलं रक्त आपोआप परत येत नाही. शौचाचा रंग काळा होईल, तो लोहाचा, घाबरायचं नाही. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा डबी.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. “खालची दुर्बीण ठरलीय, ती करायचीच. एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसेलच, असं मी तुमच्या वयात धरून चालणार नाही.”

त्यामुळे शिरा पोटात होता तरी आठ दिवस घरात कुणी मोकळेपणी हसलं नाही. क्षिप्रा येऊन राहिली. काकांनी आदल्या दिवशी जुलाबाचं औषध घेतलं, सतरा वेळा आत गेले, आणि सकाळी निघताना देवाला नमस्कार करून दारात थोडा वेळ नुसते उभे राहिले. शेजारी म्हणून मीही सोबत हॉस्पिटलात होतो. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलेलो. काकू एक शब्द बोलत नव्हत्या. हिमोग्लोबिनचा आकडा आल्यापासून त्या काकांवर एकदाही रागावल्या नव्हत्या, हे तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आलं. ओला टॉवेल गादीवर राहिला तरी गप्प, टीव्ही मोठा लावला तरी गप्प. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या इतके दिवस न रागावता कधी राहिलेल्या नव्हत्या, आणि काकांना कॅन्सरपेक्षा त्याचीच जास्त धास्ती होती, असं ते नंतर म्हणाले.

पाऊण तासाने दुर्बिणीचे डॉक्टर बाहेर आले. “सगळं स्वच्छ आहे. गाठ नाही, काही नाही. जंतच होते.”

क्षिप्राने माझा हात इतका दाबला, की बोटं दुखली. काकू उठल्या. त्या सरळ आत गेल्या. काका गाऊन घालून, अर्धवट गुंगीत, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेले होते. फरशीवर अनवाणी.

“चप्पल कुठाय?” काकू म्हणाल्या. आवाज पार बाहेरपर्यंत आला. “कुठाय चप्पल? इतकं रामायण झालं तरी अक्कल म्हणून नाही! मातीला नमस्कार करायचा तर हातांनी करतात, पायांनी नाही! आणि ती फाइल घरी गेल्या गेल्या फाडायची, सांगून ठेवते. आणि देवराम म्हणे! नाव तरी चांगलं घ्यायचं! आणि पंचेचाळीस कुणाला दाखवायचं होतं हो, त्या डबीला?”

नर्स मध्ये पडायला निघाली होती. मी तिला थांबवलं. काका मान खाली घालून बसले होते, डोळे मिटून. दर वाक्याला त्यांच्या चेहऱ्यावर थोडा थोडा रंग चढत होता. काकू दमून थांबल्या तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

“आणखी?” ते म्हणाले.