उशाचा डबा आणि रेडिओ

दोष द्यायचाच तर त्या सिनेमाला द्यावा. जुना, काळा-पांढरा, गाण्यांनी ठासून भरलेला विनोदी सिनेमा. त्यातला नायक चुकून रेडिओच्या माईकसमोर उभा राहतो, गातो, आणि दुसऱ्या दिवशी सारं शहर त्याच्या दारात. मी तो मोबाइलवर पाहिला आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. बायको म्हणाली, त्याचा गळा होता, तुमचा नुसता घसा आहे. पण ऐकेन तो मी कसला.

भादव्याचे दिवस होते. भुलाबाई बसल्या होत्या, म्हणजे आमच्याकडचा भोंडलाच, आणि रेडिओवर एक बाई लोकांनी फोन करून जुनी गाणी म्हणावीत, असं सांगत होत्या. मी फोन लावला. पुरुषमाणूस भुलाबाईची गाणी म्हणतो म्हणून बाईंना केवढं कौतुक वाटलं. त्यांना काय माहीत, लहानपणी मी खाऊच्या आशेनं पोरींच्या घोळक्यात बसायचो आणि गाणी फुकटात पाठ व्हायची. बाई म्हणाल्या, कुठंच ऐकलेलं नसेल असं काही म्हणा. मग मी ताईचं म्हटलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, कारंज्याला दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या भादव्यात ती माहेरी आली, तेव्हा तिनं स्वतःच सासूच्या गुळाच्या डब्यावर एक कडवं जोडलं होतं:

सासू माही निजते, उशाले गुयाचा डबा गं,
मुंगी येते वासानं, तिले बी म्हणे थांबा गं.

भुलाबाईच्या गाण्यात सासरचा उद्धार व्हायचाच. पण तो माहेरच्या अंगणात करायचा आणि तिथंच सोडून जायचा. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळायला रेडिओ लागला.

दोन दिवसांत ते कडवं सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. माझ्या वावरात सोयाबीन सोंगणाऱ्या बाया मला पाहून 'थांबा गं' म्हणायच्या. मी छाती काढून थांबायचो. पानठेल्यावर चहा फुकट मिळू लागला. मी तर घसा जपायला म्हणून दही सोडलं.

मग भाच्याचा फोन आला. त्याची आजी, म्हणजे ताईची सासू, आता खाटेवरच असते आणि दिवसभर रेडिओ ऐकते. उशाला डबा घेऊन निजणारी सासू उभ्या गावात तेवढी एकच. कडवं ऐकल्या दिवसापासून म्हातारी ताईच्या हातचं खात नव्हती. पाणी घ्यायची, तेही नातवानं दिलं तर. ताई रोज भात कालवून समोर बसायची आणि रोज तो गाईला जायचा.

मी एसटी धरली. कंडक्टरनं ओळखलं. अख्ख्या गाडीनं ते कडवं म्हणायचा आग्रह धरला, आणि माफी मागायला निघालेल्या मी, सांगायला लाज वाटते, ते म्हटलं. टाळ्याही घेतल्या.

ताईच्या घरी मला कुणी पाणी विचारलं नाही. ताई चुलीपाशी होती, मागं वळली नाही. इतकंच म्हणाली, "आला का गवई? जाय आत, तुही वाटच पाहून राह्यली ती."

म्हातारी पार वाळली होती. मी पाय धरले. मावशी, चूक माझी, ताईचा काही संबंध नाही, ते मीच रचलं, असं धडधडीत खोटं बोललो. तिनं ते माशी हाकलावी तसं हाकललं आणि गाणं म्हणायला सांगितलं. मी म्हटलं, पण ते कडवं गाळून.

"तेवढं काहून खाल्लं?" ती म्हणाली. "म्हन."

म्हटलं. इतकं वाईट मी आजवर गायलो नाही. ताई दारात भाताची वाटी घेऊन उभी होती.

म्हातारी म्हणाली, "डबा होता. खोटं नाही म्हनत मी. पण तिनं मले कदी तोंडावर म्हनलं नाही. माहं हागलं-मुतलं काढते, अन् हसली कुठं? तुमच्या अंगनात." मग हात पुढं केला. "मले भूक लागली. भरव तू."

मी ताईकडं पाहिलं. तिनं वाटी माझ्या हातात दिली. मी घास केला, म्हातारीनं तोंड उघडलं, आणि मुकाट्यानं सगळा भात संपवला. तोंड पुसायला ताई पदर घेऊन वाकली, तर म्हातारीनं मान भिंतीकडं फिरवली.

बाहेर येऊन चपला घालता घालता मी म्हटलं, जेवल्या एकदाच्या, होईल हळूहळू.

ताई वाटी विसळत होती. "हो," ती म्हणाली. "आता बायकोले फोन कर अन् सांग, वावर तूच पाह्य म्हना. सकायी सासूले आठ वाजता भूक लागते."

मी चपला काढून पुन्हा आत ठेवल्या.