अष्टमीची तारीख नको

शेवंती बोलायला उभी राहिली की वडपाड्याच्या कोळीवाड्यातली माणसं आधी बूड टेकून घेतात, कारण लवकर सुटका नाही हे सगळ्यांना ठाऊक. बाळकुमच्या टॉवरांच्या मागे, खाडीला चिकटून हा पाडा आहे. बाई अठ्ठावन्न वर्षांची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत तिने कुणापुढे हात पसरला नाही की कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. पोटचा एकच मुलगा, सुदेश. होडी तो चालवतो, जाळ्यात येणारी बारीक कोलंबी, म्हणजे जवळा, ती वाळवते.

जवळा वाळतो खळ्यावर. खळं म्हणजे पाड्याच्या टोकाची, चोपून टणक केलेली दीडेक एकर जमीन. बावीस बायकांच्या बावीस जागा तिथे ठरलेल्या, सासूकडून सुनेकडे आलेल्या. मधे ना खुंटी ना रेघ, पण शेजारच्या हेमाचा मूठभर जवळा शेवंतीच्या जागेत सांडला तर दोघींना लगेच कळतं. कागद मात्र एकीकडेही नाही.

आणि तिथेच घोडं अडलं. गेल्या वर्षी खाडीकिनाऱ्याचा नवा आराखडा जाहीर झाला. किनाऱ्यावर पर्यटन आणायचं, हॉटेलांना परवानगी द्यायची, असा सगळा बेत. त्या नकाशात अख्खं खळं पिवळं रंगवलेलं आणि वर लिहिलेलं, 'मोकळी जागा, हॉटेलसाठी प्रस्तावित'. सुदेशने वाचून दाखवलं तेव्हा शेवंतीचा आधी विश्वासच बसेना. मग असा संताप आला, की हातातली पाटी तिने दाणकन आपटली.

सुदेशचं मन मात्र दुसरीकडे होतं. हॉटेलवाल्यांच्या सलिल नावाच्या माणसाने त्याला गाठलेलं. पर्यटकांच्या होडीवर नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, वर गणवेश. मी त्यांना हो बोललेलो आहे, असं त्याने आईला सरळ सांगितलं. त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा. खाडीत मासळी किती उरलीय, ते जाळं ओढणाऱ्यालाच माहीत. मायलेकांचं दोन दिवस वाजलं. तिसऱ्या दिवशी हरकतींची सुनावणी होती, तिला शेवंती एकटी गेली.

सुनावणी घेणारा अधिकारी तरुण होता, दमलेला होता, पण बोलायला अदबीचा. जागा वापरात आहे याचा पुरावा काय, असं त्याने विचारलं. शेवंती म्हणाली, येऊन बघा. बरं, म्हणून त्याने डायरी उघडली आणि पुढच्या महिन्याची बारा तारीख दिली. बाईने बोटांवर तिथी मोजली.

"ती तारीख नको, साहेब. त्या दिवशी अष्टमी हाय."

हॉलभर खसखस पिकली. सलिल तिथेच बसलेला. आता सरकारी कामाला उपासतापासही आडवे येणार का, असं तो हसत म्हणाला. शेवंतीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"उपास नाय, पाण्याचा भांग. अष्टमीला पाण्याला ओढ नसते. जाळ्यात काय गावणार नि आम्ही वाळत काय घालणार? तुमचा मोजणीवाला आषाढात येऊन गेला, भर पावसात. त्याला गवत दिसलं. तुम्ही भांगाला येणार, तुम्हाला नुसती माती दिसणार. पुनवेच्या उधाणाला या. पुनव झाली की तिसऱ्या दिवशी."

अधिकाऱ्याने मोबाईलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं, बराच वेळ पाहिलं आणि बारा तारखेवर काट मारली. साहेबाची तारीख बदलून आले याचं शेवंतीला काहीच वाटलं नाही. तिचा तो हिशोब रोजचाच.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला गाडी आली. खळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबीसर जवळा, आणि मधल्या चिंचोळ्या वाटांवर बायका वाकून तो उलटवत होत्या. अधिकारी कडेलाच थांबला. सलिलची तयारी होती पण.

"सगळा देखावा आहे, सर. बाजारातून टेम्पो भरून आणलाय आणि पसरलाय. यालाच विचारा ना, हा सुदेश तर आमचाच माणूस."

पहाटेच्या पाण्यावर जाळं याच पोराने ओढलेलं, आणि शब्दही याच पोराने दिलेला. शेवंती काही बोलली असती तर आई पोराला पढवते, असंच झालं असतं. जन्मात पहिल्यांदा ती तोंड मिटून उभी राहिली. पोराकडे बघायचाही धीर होईना.

सुदेशने खांद्यावरचा पंचा काढला, तोंड पुसलं.

"बाजारातला नाही, साहेब. पहाटे मी स्वतः ओढलाय. बाकीचा आमच्याच पाड्याच्या होड्यांचा आहे. ही जागा मोकळी नाही. कधीच नव्हती." मग सलिलकडे वळून म्हणाला, "माझं नाव खोडा तुमच्या यादीतून."

ते नाव खोडलं गेलं. होडीवर दुसराच कुणीतरी लागला, त्याचा गणवेश आता जेट्टीवर दिसतो. सुदेशला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. चार-पाच महिन्यांनी आराखडा पक्का होऊन आला. हॉटेलं जेट्टीच्या पलीकडे सरकली होती आणि खळ्यावर हिरवा रंग होता. त्यावर काय लिहिलंय ते शेवंतीने लेकाला मोठ्याने वाचायला लावलं. मासळी वाळवण्याची जागा. परत वाच, म्हणाली. त्याने वाचलं. आणखी एकदा, म्हणाली. तिसऱ्यांदा त्याने एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं.

तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, नकाशाची घडी घालून कनवटीला खोचली आणि म्हणाली, "चल, ऊन वर आलं. जवळा उलटायचाय."