स्लॅबचा दिवस

कोणाच्याही घरी गेली की ती आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवायची. "पोकळ बोलून राह्यली. प्लास्टर कोनं केलं?" घरधन्याचा चेहरा पडायचा. मग हसून म्हणायची, "चहा मांडा, पाहू आपण."

केळापूर तालुक्यातल्या त्या तांड्यावर सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मी तिथल्या शाळेत शिक्षिका. कापूस वेचून झाला की गावात काम उरत नसे. मुकादमाचा ट्रक यायचा आणि घरंच्या घरं मिरची तोडायला तेलंगणात जायची. माझा अर्धा वर्गही त्याच ट्रकमध्ये बसायचा. परतलेली पोरं वाचायला विसरलेली असायची.

याडी आणि तिचा नवरा मात्र हैदराबादला बांधकामावर गेले होते. परत आले तेव्हा ती मिस्त्री होती आणि नवरा तिच्या हाताखाली मसाला कालवत होता. तांडा पोट धरून हसला.

घरकुलं मंजूर झाली तेव्हा तिनं बायकांना गाठलं. "लोकाची मिरची तोडता, मंग आपलं घर बांधाले काहून भेता?" चौघीच आल्या. पहिली भिंत वाकडी उभी राहिली. तिनं ती पाडली. "आता नीट बांधता येईन."

पहिल्या घराचा स्लॅब टाकणं चालू होतं त्याच सकाळी ट्रक आला. मिक्सर फिरत होता, घमेली हातोहात वर चालली होती. मुकादमानं हॉर्न दाबून धरला. घराघरांत बोचकी बांधून तयार होती. हात मंदावले.

याडी वरून ओरडली, "ज्याले जाचं हाय त्यानं जावं! पन काम इथंबी हाय, मजुरीबी हाय. याच्यानंतर पुढच्या घराचं. अर्धा स्लॅब टाकून मी काही उतरत नाही!"

ट्रककडे निघालेल्या एका म्हाताऱ्यानं बोचकं खाली टाकलं नि घमेलं उचललं. "पाहून काय राह्यले बे? माल सुकून राह्यला ना!"

रांग पुन्हा चालू झाली. बघता बघता सगळा तांडा तिच्यात येऊन उभा राहिला. दुपारी ट्रक रिकामा वळला तेव्हा मिक्सरपेक्षा मोठ्यानं आम्हीच ओरडलो. दुसऱ्या दिवशी माझा वर्ग भरलेला होता.

आता याडी तांड्यावर नसते. यवतमाळच्या पलीकडच्या एका गावानं तिला बायकांना शिकवायला नेलं. ती निघताना मी विचारलं, "आता कायले जाता?"

"पहिले पोटासाठी गेलतो, मॅडम. आता लोकं बोलावून राह्यले."

एसटी हलली. नवऱ्याच्या मांडीवर तिच्या अवजारांची पिशवी होती, आणि ती खिडकीतून बायकांना ओरडून सांगत होती, "स्लॅबले पानी मारत जा बरं!"